पुण्याची 'ताऱ्यांची' वेधशाळा गेली कुठे?

पेठेतला मामा | सोमवार, रात्री १०:१२

भाची आठवीत गेली. शाळा उघडून आठवडा व्हायच्या आत प्रकल्प आला: 'आपल्या शहरातील वेधशाळा'. शनिवारी आम्ही दोघं रिक्षात बसलो. "वेधशाळा" म्हटल्यावर रिक्षावाल्यानं मीटर टाकता टाकता विचारलं, "म्हणजे सिमला ऑफिसच ना?" आणि शिवाजीनगरला आणून सोडलं. दगडी इमारत, वर घड्याळाचा मनोरा. भाची मान वर करून म्हणते, "मामा, दुर्बीण कुठाय?"

आता काय सांगणार? ही हवामान खात्याची. १९२८ साली खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून नाव सिमला ऑफिस. इथे वेध पावसाचा.

घरी येऊन हे सांगितल्यावर वडील (वय ८४, इंजिनिअरिंग कॉलेजचे जुने विद्यार्थी) पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "अरे, ताऱ्यांची आमच्या कॉलेजात होती की. भावनगरच्या महाराजांची. आम्ही जायच्या आधी पन्नास वर्षं बंद पडलेली." एवढं बोलून पुन्हा शब्दकोडं.

तर जाणकारांनी प्रकाश पाडावा. खरंच होती का? दुर्बीण गेली कुठे? आणि भाचीचा प्रश्न, जो मला जास्त छळतोय: एवढी चांगली होती तर बंद का केली?

---

टवाळ्या | सोमवार, रात्री १०:२०

पुण्यात आहे म्हटल्यावर दुपारी एक ते चार बंद असणारच. तुम्ही चुकीच्या वेळी गेलात.

---

आरसेघाशा | सोमवार, रात्री ११:०५

होती. आणि साधीसुधी नव्हती.

नाव महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा, तेव्हाच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजात. चालवणारे गृहस्थ पारशी, कावसजी दादाभाई नायगमवाला. आधी ते मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. भावनगरच्या तख्तसिंगजी महाराजांनी वर्णपटाच्या (प्रकाश फोडला की मिळणाऱ्या रंगांच्या पट्ट्याच्या) अभ्यासासाठी पाच हजार रुपये दिले आणि मुंबई सरकारनं त्यात तेवढीच भर घातली. मूळ बेत प्रयोगशाळेचा होता. नायगमवाला १८८४ साली विलायतेला जाऊन तिथल्या खगोलज्ञांना भेटून आले आणि प्रयोगशाळेची वेधशाळा झाली. ताऱ्यांसाठी मुंबईपेक्षा पुण्याची हवा बरी, म्हणून ते पुण्यात आले. १८८८ मध्ये वेधशाळा तयार.

दुर्बीण डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातली, वीस इंची आरशाची. त्या वेळी भारतात याहून मोठी दुर्बीण नव्हती आणि पुढे कित्येक दशकं हा मान तिच्याकडेच राहिला.

वीस इंच हा आकडा वाचायला किरकोळ वाटतो. मी घरच्या गच्चीवर सहा इंची आरसा घासलाय, त्यावरून सांगतो. दोन काचा एकमेकींवर ठेवायच्या, मध्ये कार्बोरंडमची भुकटी आणि पाणी. वरची काच पुढे-मागे, पुढे-मागे. मग आपण पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. पुन्हा तेच. आधी ८० नंबरची जाडी भुकटी, ती करकर वाजते; मग बारीक, आणखी बारीक, शेवटी नुसती पिठासारखी. त्यानंतर डांबराच्या थरावर पॉलिश. प्रत्येक टप्प्यानंतर हात, पिंप, फरशी, सगळं धुवायचं, कारण मागच्या भुकटीचा एक कण राहिला तर पंधरा दिवसांची मेहनत ओरखड्यात जाते. मला सहा इंचांना चार महिने लागले आणि बायको अजून टोमणे मारते. वीस इंच म्हणजे क्षेत्रफळ अकरा पट.

त्यावर तेव्हा चांदीचा मुलामा असे. चांदी काळी पडते, आजीच्या निरांजनासारखी. पुण्याच्या चार महिन्यांच्या दमट हवेत त्यांचं काय होत असेल ते मी समजू शकतो.

---

सौ. मृणाल | सोमवार, रात्री ११:२१

@आरसेघाशा, फार सुंदर प्रतिसाद. बायकोच्या टोमण्यांना माझं अनुमोदन.

नाव नक्की काय, नायगमवाला की नेगमवाला? दोन्ही वाचलंय.

---

टवाळ्या | सोमवार, रात्री ११:२३

नायगाववाला असेल. दादरला उतरून चालत.

---

गिरगावकर | मंगळवार, सकाळी ८:४०

पुणेकरांनी स्वतःची पाठ थोपटून झाली असेल तर मुंबईकडेही बघावं. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची, तुमच्या बासष्ट वर्षं आधीची. ईस्ट इंडिया कंपनीनं ती ताऱ्यांसाठी आणि वेळ ठरवण्यासाठीच बांधली होती. बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ लागते, नाहीतर समुद्रात रेखांश काढता येत नाही.

आता तिचं नाव फक्त जुलैत ऐकू येतं. 'कुलाबा वेधशाळेत अमुक मिलिमीटर, सांताक्रूझला तमुक.' २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ आणि कुलाब्याला जेमतेम ७४, तेव्हा तर घरोघरी नाव झालं. पण बाळशास्त्री जांभेकरांनी त्या वेधशाळेचं काम पाहिलं आणि केरूनाना छत्रे कोवळ्या वयात तिथे नोकरीला लागले, हे किती जणांना ठाऊक आहे?

---

चिकित्सक | मंगळवार, सकाळी ९:१५

@गिरगावकर, बांधली ताऱ्यांसाठी, हे बरोबर. पण ताऱ्यांचं काम तिथे झालं किती? कंपनीनं नेमलेला पहिला खगोलज्ञ जॉन कर्निन. त्याचं आणि कंपनीचं बिनसलं आणि दोनेक वर्षांत त्याला घरी पाठवलं. पुढे नाव झालं ते चुंबकीय नोंदींमुळे. १८४१ पासून ऑर्लेबार यांनी त्या सुरू केल्या. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून जे प्रचंड चुंबकीय वादळ आलं, त्याची कुलाब्याची नोंद आजही जगभर अभ्यासतात. खगोलाशी संबंध आहे, पण दुर्बिणीतून पाहण्याचा नाही.

---

गिरगावकर | मंगळवार, सकाळी ९:३२

मान्य. पण त्याचा शेवटही ऐका. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकीय उपकरणं तिथे ठेवणं अशक्य झालं. विजेच्या तारांनी काटे हलले असते. म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा काढली. लोखंडाचा खिळाही न वापरता बांधलेली इमारत. दोन वर्षं दोन्हीकडे एकदमच नोंदी घेतल्या, म्हणजे जुना धागा नव्याला जुळेल. मग १९०७ मध्ये ट्राम धावली. हे सगळं ज्यांच्या देखरेखीखाली झालं ते नानाभाई मूस. तेही पारशी.

मामा, भाचीला हे सांगा. शहर वाढलं की वेधशाळेला गाशा गुंडाळावा लागतो. पुण्याचंही तेच झालं असणार.

---

पेठेतला मामा | मंगळवार, सकाळी १०:०३

पुण्यात तेव्हा ट्राम नव्हती. आताही नाही. मेट्रो आहे, पण तिला दोष देता येणार नाही.

केरूनानांबद्दल आणखी लिहा ना कोणी. वडिलांनी नाव ऐकून पहिल्यांदाच शब्दकोडं खाली ठेवलं.

---

देवगडचा हापूस | मंगळवार, दुपारी १२:४८

केरूनाना म्हणजे आमच्या घरचा विषय. आमच्याकडे टिळक पंचांग चालतं. संक्रांत १४ नाही, १० जानेवारीला. काही वर्षी अधिक मास वेगळा पडतो आणि आमचा गणपती अख्ख्या गावाच्या महिनाभर आधी बसतो. लहानपणी शाळेत सुट्टी मागायला गेलो की गुरुजी हसायचे.

याचं मूळ केरूनानांपाशी. जुन्या ग्रंथांवरून मांडलेलं गणित आणि आकाशात प्रत्यक्ष दिसणारं यांत फरक पडतोय, हे त्यांच्या लक्षात आलं. कुलाब्याला वेध घेणं जवळून पाहिलेला माणूस तो. त्यांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' काढली आणि १८६५ पासून पटवर्धनी पंचांग सुरू झालं. गणित आकाशाशी जुळलं पाहिजे, एवढाच हट्ट. टिळक त्यांचे विद्यार्थी. पुढे टिळकांनी तो झेंडा उचलला.

अवांतर: वेधशाळा म्हटलं की आमच्या विजयदुर्गाला विसरू नका. हेलियमचा शोध आमच्या किल्ल्यावर लागलाय. १८ ऑगस्ट १८६८. किल्ल्यात साहेबाचे ओटे अजून आहेत, ज्यांवर इंग्रज खगोलज्ञ लॉकियरनं दुर्बीण ठेवली होती. दर वर्षी हेलियम दिन साजरा होतो.

---

चिकित्सक | मंगळवार, दुपारी १:३०

@देवगडचा हापूस, पंचांगाबद्दलचं सगळं उत्तम. हेलियमबद्दल मात्र माफ करा.

१८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास ग्रहण झालं, ते भारतातून दिसलं, सगळं खरं. पण त्या दिवशी नॉर्मन लॉकियर इंग्लंडात होता. भारतात फ्रेंच खगोलज्ञ जान्सन गुंटूरला होता. ग्रहण नसतानाही सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या वर्णपटरेषा पाहता येतील, हे त्याला तिथे उमगलं. लॉकियरनं तेच काम ऑक्टोबरमध्ये इंग्लंडात बसून स्वतंत्रपणे केलं. त्यातल्या पिवळ्या रेषेचा मेळ कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याशी बसेना, तेव्हा हेलियम हे नाव आलं. पृथ्वीवर तो सापडायला १८९५ उजाडलं.

लॉकियर विजयदुर्गाला आला, नक्की आला. पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. ओटे खरे, साहेबही खरा, तीस वर्षं तेवढी इकडची तिकडे झाली.

---

देवगडचा हापूस | मंगळवार, दुपारी १:४१

म्हणजे आमचा हेलियम काढून घेतला. आता आंब्याचंही सांगा की तो गुंटूरचा.

---

टवाळ्या | मंगळवार, दुपारी १:४४

गुंटूरची मिरची. पोचपावती द्या आणि विषय संपवा.

---

आरसेघाशा | मंगळवार, रात्री ९:५०

@देवगडचा हापूस, नाराज होऊ नका. १८९८ ची गोष्ट हेलियमपेक्षा कमी नाही आणि ती थेट पुण्याच्या वेधशाळेला जोडलेली आहे.

महाराष्ट्राचा नकाशा घ्या. विजयदुर्गावर बोट ठेवा, तिथून सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला, तिथून वऱ्हाडात तळणीला. एक सरळ रेघ मिळेल. तोच ग्रहणाचा पट्टा. विजयदुर्गाला लॉकियर, मदतीला आरमाराचे खलाशी. तळणीला ब्रिटिश हौशी खगोल मंडळाची माणसं. त्यांतल्या ॲनी माँडर यांनी लहानशा भिंगाच्या कॅमेऱ्यानं सूर्याच्या प्रभामंडलाचा लांबच लांब झोत टिपला, त्याचं तेव्हा फार कौतुक झालं. आणि जेऊरला आपले नायगमवाला.

गंमत बघा, पुणं त्या रेघेवर नाही. देशातली सर्वांत मोठी दुर्बीण खांबावर पक्की बसलेली आणि खग्रास ग्रहण मात्र दीडशे-दोनशे किलोमीटरवर. म्हणून बाकीची उपकरणं पेट्यांत भरून रेल्वेनं जेऊर गाठायचं, तंबू ठोकायचे, तालमी करायच्या. सगळं कशासाठी, तर जेमतेम दोन मिनिटांच्या अंधारासाठी. तेवढ्यात ढग आला तर परत. तसा तो आला नाही. नायगमवाला वर्णपटाची छायाचित्रं घेऊन परतले आणि १९०२ मध्ये त्यांचा सविस्तर अहवाल छापून निघाला.

साल पुन्हा बघा. प्लेगचे दिवस. आदल्या जूनमध्ये गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडलेली. स्टेशनांवर तपासण्या, शहर अर्धं ओस. त्या वातावरणात हा माणूस आरसे आणि लोलक सांभाळत गाडीत बसतोय.

---

करमाळ्याचा पाहुणा | मंगळवार, रात्री १०:२२

आमचं जेऊर?? जन्म गेला तिथे, हे पहिल्यांदा ऐकतोय.

---

आरसेघाशा | मंगळवार, रात्री १०:२५

तुमचंच. नुसते पुण्याचे नाहीत, अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तिथेच तळ ठोकून होते.

---

करमाळ्याचा पाहुणा | मंगळवार, रात्री १०:३१

आज एक्सप्रेस थांबवा म्हणून निवेदनं देऊन देऊन आमची कागदं संपली आणि तेव्हा कॅलिफोर्नियाहून माणसं उतरत होती. हा प्रतिसाद छापून स्टेशनमास्तरांना देतो.

---

भाग्यनगरी | बुधवार, सकाळी ७:५५

मूळ प्रश्नाकडे येते: बंद का पडली. मी हैदराबादेत तीस वर्षं राहते, म्हणून तुलना सुचली.

इथे निजामिया वेधशाळा होती. तीही एका हौशी श्रीमंताची. नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये सुरू केली, पंधरा इंची दुर्बीण, तीही ग्रब यांचीच. १९०७ मध्ये नवाब गेले. पुण्यासारखंच व्हायला हवं होतं, नाही का? झालं नाही. १९०८ मध्ये निजाम सरकारनं ती ताब्यात घेतली, पुढे ती उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. आणि मुख्य म्हणजे तिला काम होतं. पॅरिसहून सुरू झालेल्या आकाशाच्या छायाचित्र-नकाशाच्या प्रकल्पात जगभरच्या वेधशाळांना पट्टे वाटून दिले होते. चिलीतल्या सांतियागोला आपला पट्टा झेपला नाही, तो हैदराबादकडे आला. एकदा असं काम अंगावर घेतलं की संचालक बदलला तरी काम थांबत नाही. आजचा माणूस गेला तर उद्या दुसरा येऊन पुढची काच कॅमेऱ्यात घालतो.

पुण्यात वेधशाळा म्हणजे नायगमवाला आणि नायगमवाला म्हणजे वेधशाळा. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि दार बंद. चोवीस वर्षं.

---

रोखठोक | बुधवार, सकाळी ९:१०

एवढं सरळ नाही हो ताई. इंग्रज सरकारला एतद्देशीय माणसानं चालवलेली वेधशाळा नकोच होती. सगळं काम कोडाईकनालला एकवटायचं होतं, साहेबाच्या हाताखाली. म्हणून संधी मिळताच पुण्याचा गळा घोटला. इतिहास असा धुऊन-पुसून सांगू नका.

---

चिकित्सक | बुधवार, सकाळी ९:४७

@रोखठोक, कोडाईकनालला एकवटायचं होतं, हे खरं. तिथली सौर वेधशाळा १८९९ पासूनची आणि सरकारला सूर्यात रस होता तो दुष्काळामुळे. सूर्यावरचे डाग आणि मान्सून यांचा संबंध लागला तर पाऊस आधी कळेल, ही आशा. पण 'एतद्देशीय नको' म्हणायचं तर पाच हजारांवर पाच हजार त्याच सरकारनं घातले होते, चोवीस वर्षं त्याच सरकारच्या कॉलेजात ती चालली. कुलाब्याला मूसही त्याच काळात संचालक होते. आकस असेल, पण इथे त्यापेक्षा कारकुनी हिशेब दिसतो: माणूस निवृत्त, जागा रद्द, दुर्बिणीसकट सामान दुसऱ्या कार्यालयात, म्हणजे कोडाईकनालला, वर्ग.

---

रोखठोक | बुधवार, सकाळी ९:५२

कारकुनी हिशेब हाही आकसच असतो. नुसता सही-शिक्क्याचा.

---

सौ. मृणाल | बुधवार, सकाळी १०:०५

हे मात्र पटलं. आमच्या जुन्या नोकरीतली गोष्ट, नाव घेत नाही. ग्रंथपाल निवृत्त झाल्या, जागा भरली नाही, तीन वर्षांत ग्रंथालयाच्या जागी खुर्च्यांचं गोदाम. कोणी कोणाचा गळा घोटला नव्हता. नुसती किल्ली कोणी मागितली नाही.

---

टवाळ्या | बुधवार, सकाळी १०:११

दुर्बीण कोडाईकनालला हनिमूनला गेली, एवढं कळलं. पुढे?

---

फौजी आजोबा | बुधवार, संध्याकाळी ६:३०

पुढचं मी सांगतो. कोडाईकनालला ती बरीच वर्षं न जोडताच पडून होती. उभी राहिली ती स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या सुमाराला. तिथे तिचं नाव 'भावनगर दुर्बीण'. दान देणाऱ्याचं नाव राहिलं, पुण्याचं गेलं.

मग १९८० च्या दशकात उंच, कोरड्या, ढग नसलेल्या जागेचा शोध सुरू झाला तेव्हा हीच दुर्बीण लडाखला, लेहला नेली. शंभर वर्षांची म्हातारी. आम्ही तरणेबांड जवान तिथे पहिले दोन दिवस नुसते पडून असायचो, जिना चढला तरी धाप लागायची. आणि रात्री आकाश असं की ओळखीचे तारे सापडायचे नाहीत, कारण बाकीचेच इतके. पुढे त्याच लडाखात हानलेला, साडेचार हजार मीटरवर, दोन मीटर आरशाची दुर्बीण बसली.

तेव्हा मामा, भाचीला सांगा, दुर्बीण हरवली नाही. बदल्या झाल्या. आमच्यासारख्याच.

---

पेठेतला मामा | बुधवार, रात्री ८:१५

आजोबा, सलाम. हे वाक्य तिनं तुमचं नाव न घेता प्रकल्पात घातलंय. 'बदल्या झाल्या.'

आता तिचा नवा प्रश्न: त्या दुर्बिणीतून चोवीस वर्षं पाहिलं काय? ग्रहण तर तिच्याशिवायच झालं.

---

आरसेघाशा | बुधवार, रात्री ११:४०

जेवून बसलोय, सविस्तर लिहितो.

मृग नक्षत्र सगळ्यांना माहीत आहे. चार पायांचा चौकोन, पोटात तीन ताऱ्यांचा बाण. त्या बाणाच्या खाली अंधुक ताऱ्यांची छोटी ओळ आहे आणि तिच्यात एक डाग दिसतो, जरा पुसट. तो मृगातला तेजोमेघ. त्याच्या प्रकाशाचा वर्णपट घेतला की इंद्रधनुष्यासारखा सलग पट्टा येत नाही. मोजक्या सुट्या रेषा येतात आणि त्यांत एक हिरवी सर्वांत ठळक.

ही रेषा कशाची, यावर तेव्हा लंडनात जुंपली होती. लॉकियरचं म्हणणं, तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळून तापलेल्या उल्कांचे थवे आणि ही रेषा मॅग्नेशियमची. तसं असेल तर रेषेची एक कड ठसठशीत आणि दुसरी विरत गेलेली दिसायला हवी. दुसरे इंग्रज खगोलज्ञ हगिन्स म्हणत होते, तसं काही नाही. भांडण मिटायचं तर चांगली दुर्बीण, ताकदवान वर्णपटदर्शक आणि मृग डोक्यावर चढणारं आकाश हवं. पुण्यात तिन्ही होतं. नायगमवालांनी पाहिलं: रेषा दोन्ही बाजूंनी रेखीव. १८९१ मध्ये त्यांनी ते लंडनला प्रसिद्ध केलं. लॉकियर त्या काळातला केवढा दबदबा असलेला माणूस, आणि त्याच्या सिद्धान्ताला पुण्यातून सुरुंग.

मग रेषा कशाची? १९२७ मध्ये बोवेन यांनी उलगडलं. साधा ऑक्सिजन, पण दोन इलेक्ट्रॉन गमावलेला, आणि इतका विरळ की तसा पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत मिळतच नाही.

माझ्या सहा इंचीतून मी पहिल्यांदा तो तेजोमेघ पाहिला तेव्हा वाटलं, आरसा बिघडला. फोटोंत तो गुलाबी असतो. मला दिसला तो राखाडी, त्यात किंचित शेवाळी झाक. पुन्हा भिंग पुसलं, पुन्हा तेच. नंतर कळलं, ती झाक म्हणजेच ती हिरवी रेषा. अंधारात आपल्या डोळ्याला तेवढीच भावते. नायगमवाला ज्या प्रकाशाची कड तपासत होते, तोच प्रकाश.

आणखी एक. १८९३ मध्ये पुण्यातच टिळकांचा 'ओरायन' प्रसिद्ध झाला. मृगात वसंतसंपात (वसंतात दिवस-रात्र सारखे होतात तेव्हाची सूर्याची जागा) होता त्यावरून वेदांचा काळ काढणारा. १८९६ मध्ये शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र', तोही पुण्यातून. एका गावात पाच वर्षांत हे सगळं. एक मृग पोथीतून बघतोय, एक दुर्बिणीतून. माझ्या डोक्यातून हे जात नाही.

---

भाग्यनगरी | गुरुवार, सकाळी ७:३०

वाचनखूण साठवली.

आणि तिसरा मृग शेतकऱ्याचा. मराठी माणसाला मृग विचारा, तो ताऱ्यांकडे बघणारच नाही, ढगांकडे बघेल. मृगाचा पाऊस, मृगाचा किडा, मृगाची पेरणी. 'वेधशाळा' शब्दाचंही तेच झालंय. आकाशातून निघाला आणि पावसात पोचला.

---

देवगडचा हापूस | गुरुवार, सकाळी ८:०२

ताईंच्या प्रतिसादाला हेलियमचा फुगा बक्षीस. आमचाच हेलियम.

---

चिकित्सक | गुरुवार, सकाळी ८:१०

हरलो. ठेवा तुम्हीच.

---

रोखठोक | गुरुवार, सकाळी ११:२०

तरीही म्हणतो, १९१२ मध्ये ती पुण्यातून हलवायला नको होती. शहर एकदा हातातून सुटलं की पिढ्या जातात.

---

सौ. मृणाल | गुरुवार, दुपारी २:०५

पिढ्या गेल्या, पण पुणं सुटलं असं वाटत नाही. ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांना आकाश दाखवतेय. १९८८ मध्ये, म्हणजे तख्तसिंगजी वेधशाळेनंतर बरोबर शंभर वर्षांनी, नारळीकरांच्या हाताखाली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था सुरू झाली, तीही गणेशखिंडीत. नारायणगावाजवळ खोडदला रेडिओ दुर्बिणींचा ताफा, जुन्नरच्या बाजूला गिरवलीला दोन मीटरची दुर्बीण. फक्त शहराच्या बाहेर जावं लागलं. शिवाजीनगरातून आता मृगाचा बाण दिसला तरी नशीब.

---

पेठेतला मामा | शुक्रवार, रात्री ९:४८

मंडळी, प्रकल्प जमा झाला. बाईंनी आधी विचारलं, सिमला ऑफिसचं चित्र का नाही. भाची म्हणाली, "बाई, ती पावसाची." बाईंनी 'छान' लिहिलं आणि जेऊरच्या स्पेलिंगखाली लाल रेघ मारली.

वडिलांना सगळा धागा मोठ्यानं वाचून दाखवला. मृगाचा भाग दोनदा. ते म्हणाले, कॉलेजच्या चार वर्षांत रोज त्याच आवारातून नदीकडे सायकल हाकली, मान वर करून एकदा बघितलं नाही. मग भाचीला घेऊन गच्चीवर जाऊ म्हणाले, मृग दाखवतो.

मी सांगितलं, बाबा, आत्ता मृग लागलाय, म्हणजे सूर्यच मृगात आहे. दिवसा डोक्यावर, रात्री गायब. डिसेंबरपर्यंत थांबायला हवं. तर म्हणाले, "चौऱ्याऐंशीच्या माणसाला डिसेंबर सांगतोस?" आणि छत्री घेऊन भाचीबरोबर वर गेले. ढग होते. वीस मिनिटांनी दोघं भिजून खाली.

@आरसेघाशा, डिसेंबरात तुमची सहा इंची मिळेल का एका रात्रीपुरती? येतो आम्ही तिघं. बाबांना जिना चढायला वेळ लागतो, तेवढं सांभाळून घ्या.

---

आरसेघाशा | शुक्रवार, रात्री १०:०२

लिफ्ट आहे. वरचा एक मजला तेवढा जिना. बायको म्हणते थालीपीठ करेल, पण काच घासायला कोणी बसायचं नाही.

---

टवाळ्या | शुक्रवार, रात्री १०:०५

त्या रात्री हवा कशी असेल? वेधशाळेला विचारून ठेवा.

---

पेठेतला मामा | शुक्रवार, रात्री १०:०६

कुठल्या?